विटकाकांचा दुसरा मृत्युलेख

मार्चमधला पहिला शुक्रवार, न्याहारीची वेळ. जागा बहारीनमध्ये, मनामाच्या हूरा भागातल्या आमच्या इमारतीचा तिसरा मजला, आमचं जेवणाचं टेबल. रक्कम एक दिनार. हजर: मी, माझी बायको सुनंदा, आणि ज्यांच्या मरणावर पैज लागत होती ते ह्यू व्हिटकम स्वतः, पोह्यांची दुसरी बशी संपवत.

पैज अशी होती. व्हिटकमसाहेब वारले की लंडनच्या त्यांच्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांच्यावर मृत्युलेख छापून येणार. त्यात निदान एक तरी चूक असणार, असं त्यांचं म्हणणं. एकही चूक नसणार, कारण माहिती मी देणार, असं माझं. मी मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत हिशेब तपासतो. ताळेबंदात पाच फिल्सचा फरक राहिला तर मला जेवण गोड लागत नाही. माझ्या हातून गेलेल्या माहितीत चूक?

"मी जिंकलो तर मला पैसे कसे देणार?" व्हिटकमसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही हरणार आहात."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मिस्टर गजभिये."

शेवटी असं ठरलं की हरणाऱ्याने खालच्या कॅफेटेरियातल्या कुंजुमोनला एक दिनार द्यायचा. शंभर फिल्सचा एक, असे दहा करक चहा होतात. करक म्हणजे आपलाच दूध घालून उकळलेला वेलदोड्याचा चहा, फक्त इथे त्याला अरबी नाव आहे. त्या वेळी तिथे जो कोणी असेल त्याने तो प्यायचा.

"काय अभद्र बोलून राहिले जी दोघंही," सुनंदा म्हणाली. "पोहे खाऊन राहिले की मयत करून राहिले?"

व्हिटकमसाहेबांनी माझ्याकडे न बघताच बशी पुढे केली. सुनंदा त्यांच्याशी नागपुरी मराठीत बोलायची, ते तिच्याशी इंग्रजीत, आणि मधे मी भाषांतर करायला लागलो की दोघंही वैतागायचे. या लेखात त्यांचं बोलणं मी मराठीत देतो आहे. ते मराठी बोलत होते असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. या मुद्द्यावर मला पुढे यायचंच आहे.

व्हिटकमसाहेब समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. इमारतीतल्या मुलांनी त्यांचं पहिल्याच आठवड्यात विटकाका करून टाकलं, आणि मग आम्हा मोठ्यांच्याही तोंडी तेच बसलं, लिहिताना मात्र मी व्हिटकमसाहेबच लिहितो. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या भुवया. चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. अंगात जाड हिरवा स्वेटर. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला असला तरी स्वेटर, कारण बहारीनमध्ये माणूस उन्हात फक्त गाडीपर्यंत जातो आणि उरलेला दिवस एसीत कुडकुडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ब्रिटिश वर्तमानपत्राचे परदेशी वार्ताहर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. युद्धं, बंडं, भूकंप, परिषदा. मग वर्तमानपत्राने परदेशातल्या कचेऱ्या एकामागून एक बंद केल्या, यांनाही घरी जा म्हणून सांगितलं, आणि हे गेले नाहीत.

"इथेच का राहिलात?" मी एकदा विचारलं.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा या सगळ्या भागात फक्त इथला टेलिफोन चालायचा," ते म्हणाले. "जिथे टेलिफोन चालतो ते गाव सोडू नये."

त्यांच्या दारामागे एक चामड्याची बॅग सदैव भरून ठेवलेली असायची. दोन शर्ट, दाढीचं सामान, बॅटरी, साखरेच्या पुड्या, जुलाबाच्या गोळ्या. पासपोर्ट शर्टाच्या खिशात. कुठेही गेले की आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघायचे, मग संडास कुठे आहे ते, आणि मग यजमानाला नमस्कार करायचे. आमच्याकडे आले की "जय भीम" म्हणायचे आणि त्यापुढे "फुलस्टॉप" म्हणायचे.

हा फुलस्टॉप त्यांच्या धंद्यातून आलेला. तरुणपणी बातमी टेलिफोनवरून सांगावी लागे. पलीकडे लंडनमध्ये एक बाई कानाला यंत्र लावून टाइप करत बसलेली असायची. तिला शब्दाबरोबर विरामचिन्हंही सांगावी लागत, नाही तर सगळा मजकूर एकाच दमात छापून यायचा. एकदा बाहेर तोफा चालल्या आहेत आणि हे हॉटेलच्या टेबलाखाली बसून राजधानी पडल्याची बातमी सांगताहेत, तर ती बाई मधेच म्हणाली, "मिस्टर व्हिटकम, तुमचा आवाज बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या केल्यात का?" तिचं नाव त्यांना कधीच कळलं नाही, पण सगळ्या संपादकांपेक्षा तिच्यावर त्यांचा जास्त विश्वास होता. टेलिफोन गेला, ती बाई गेली, सवय राहिली. कॅफेटेरियात उभे राहून ते मोठ्याने सांगायचे, "दोन करक कॉमा एक बिनसाखरेचा फुलस्टॉप." कुंजुमोन मूळचा केरळचा, गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलणारा. तो न हसता म्हणायचा, "साब, कॉमा का पैसा नहीं लगेगा."

त्यांना मराठी दोनच शब्द येत होते आणि ते सुनंदाने शिकवलेले होते. झालं असं की एका उन्हाळ्यात आमच्या इमारतीचं पाणी गेलं. घरमालकाचा माणूस म्हणाला, टँकर येऊन गेला, गच्चीवरची टाकी भरली आहे, दोष तुमच्या नळांत आहे. वॉचमननेही तेच सांगितलं, आणि मग आम्ही सगळे एकमेकांना तेच सांगू लागलो. दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी, ते पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, नळांसाठी प्लंबरही बोलावला. तेव्हा सुनंदा जिन्यात उभी राहून म्हणाली, "टाकी भरली आहे, टाकी भरली आहे. पण कोण म्हणालं?"

व्हिटकमसाहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांच्या भुवया वर गेल्या. चाळीस वर्षांत याहून चांगला प्रश्न आपण ऐकला नाही, असं म्हणत ते सत्तरी उलटलेल्या पायांनी गच्चीवर गेले. टाकीचं झाकण उघडून त्यांनी आत बॅटरी मारली. आत पाणी नव्हतं. एक कबूतर होतं, आणि ते त्यांच्याकडे भाडेकरूच्या नजरेने बघत होतं.

तेव्हापासून "कोण म्हणालं?" हे त्यांचं झालं. मटण ताजं आहे म्हटलं की "कोण म्हणालं?" माझी मुलगी मृणाल परीक्षेत पहिली आली, तिच्या पाठीवर थाप मारून "कोण म्हणालं?" तिने इंग्रजीतच उत्तर दिलं की टीचर म्हणाल्या आणि निकालपत्रावरही आहे. "दोन," ते समाधानाने म्हणाले. एकाने सांगितलं ती अफवा, एकमेकांना न विचारता दोघांनी सांगितलं ती बातमी, हा त्यांचा कायदा होता. आणि तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तर तुम्ही एक. फक्त एक.

जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही त्यांना दरवर्षी न्यायचो. सनद भागातल्या एका हॉलमध्ये आमची तीनेकशे माणसं जमतात, खीर असते, भाषणं असतात. एका वर्षी प्रमुख पाहुणे एक मोठे कंत्राटदार होते. ते रंगात येऊन सांगू लागले, की मी या देशात आलो तेव्हा माझ्याकडे एक सदरा होता, मी मीना सलमानच्या गोदामाबाहेर पुठ्ठ्यावर झोपलो. मी पहिल्या रांगेत बसून व्हिटकमसाहेबांच्या कानात भाषांतर करत होतो. त्यांना ऐकू कमी येत असल्याने आपण किती मोठ्याने बोलतो याचा त्यांना अंदाज नसायचा.

"कोण म्हणालं?" सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

पाहुणे थांबले. "कोण म्हणालं म्हणजे? मीच म्हणून राहिलो न!"

मी भाषांतर केलं. "हा एकच झाला," व्हिटकमसाहेब म्हणाले. तेही लोकांना कळलं. पाहुण्यांच्या कपाळावर आठी आली, आमच्या अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षीची माझी खजिनदारी गेलीच. एवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे फिटर उठले. "दुसरा मी जी," ते म्हणाले. "माझाच पुठ्ठा होता तो. अर्धा यांना दिला होता." पाहुण्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, माइक तसाच सोडला आणि खाली उतरून त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. दोघांची बरीच वर्षं गाठ नव्हती. व्हिटकमसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? विचारल्याशिवाय दुसरा सापडत नाही." खीर त्यांना दोनदा मिळाली आणि माझी खजिनदारीही राहिली.

आता पैजेकडे येतो. ती लागली त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हिटकमसाहेब मेले. म्हणजे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेले.

मी ऑफिसात होतो. 'हूरा मराठी परिवार' या ग्रुपवर देशपांड्यांचा निरोप आला, की आपल्या इमारतीचे भूषण, अरबी भाषेवर प्रभुत्व असलेले ज्येष्ठ पत्रकार श्री. व्हिटकम यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले. त्याखाली हात जोडल्याची चित्रं सुरू झाली. ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं आहेत आणि त्या दिवशी कुणी मागे राहिलं नाही. मी सुनंदाला फोन लावला, ती उचलेना. ऑफिसातल्या साहेबांना सांगून निघालो. वाटेत पांढरी फुलं घेतली. लिफ्ट बंद होती. तीन मजले फुलं सांभाळत जिन्याने चढलो.

त्यांच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. व्हिटकमसाहेब पायजमा आणि हिरव्या स्वेटरमध्ये खुर्चीत बसून मऊ भात खात होते. सुनंदा लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होती.

"फुलं कुणाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला."

"सुंदर आहेत. फुलदाणी त्या कपाटावर आहे."

पित्ताशयात खडा होता. सकाळी दुखून आलं, सुनंदाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, तीही बरोबर गेली, इंजेक्शन देऊन त्यांना दुपारी घरी सोडलं. सुनंदाचा मोबाइल इकडे चार्जिंगला. ज्या एका माणसाला खरं माहीत होतं त्याच्याकडे फोन नव्हता, आणि ज्यांच्याकडे फोन होते त्यांना काही माहीत नव्हतं.

व्हिटकमसाहेबांनी भात संपवला आणि मला घेऊन चौकशीला निघाले. देशपांडे दार उघडून त्यांना बघताच भिंतीला टेकले. "तुम्हाला कोण म्हणालं?" "वॉचमन." वॉचमनला कोण म्हणालं? समोरचा लाँड्रीवाला. लाँड्रीवाल्याने काय पाहिलं? स्ट्रेचर, हनुवटीपर्यंत चादर, मिटलेले डोळे, आणि बाजूला रडणारी मॅडम.

"मी कायले रडू?" सुनंदा जिन्यातून ओरडली. "कांदे चिरून राहिली होती बाप्पा! हात धुवायलेही वेळ भेटला नाही!"

म्हणजे एकशे बारा माणसांमागे साक्षीदार एक, आणि तोही इस्त्री करता करता खिडकीतून बघणारा. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर एकाच पावतीच्या एकशे बारा प्रती निघाल्या होत्या आणि आम्ही त्यांची बेरीज करत बसलो होतो.

व्हिटकमसाहेबांनी मग आमच्या टेबलाशी बसून सगळी श्रद्धांजली माझ्याकडून वाचून घेतली. 'देवमाणूस' आवडलं. 'मितभाषी' ऐकून सुनंदा हसली. पण 'अरबी भाषेवर प्रभुत्व' ऐकताच त्यांनी टेबलावर हात मारला. "पुन्हा तेच!"

देशपांडे चहाला थांबले होते. "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, सर. मला वाटलं..."

"मिस्टर देशपांडे, मला चार शब्द येतात. यल्ला, खलास, मफी, इंशाल्ला. चला, संपलं, नाही, बघू. कुठलंही युद्ध या चार शब्दांत भागतं. पण प्रभुत्व नाही."

"पुन्हा तेच म्हणजे?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी पहिल्या मृत्युलेखाची गोष्ट सांगितली. तिशीत असताना ते एका डोंगराळ देशातल्या वेढा पडलेल्या शहरात होते. त्यांची जीप जळाली. हे जीपमध्ये नव्हते, एका पावाच्या भट्टीच्या तळघरात अडकले होते आणि टेलिफोन नव्हता. हॉटेलच्या कारकुनाने जळकी जीप पाहिली, एका दुसऱ्या वार्ताहराला सांगितलं, त्याने लंडनला कळवलं. लंडनने एकाच्या शब्दावर छापलं. शूर, उमदा, अस्खलित अरबी बोलणारा ह्यू व्हिटकम. त्या देशात अरबी बोलतही नाहीत.

इंग्लंडात, डेव्हनमधल्या एका खेड्यात, त्यांची आई आणि मोठी बहीण मार्गारेट न्याहारीला बसल्या होत्या. आईची नजर अधू, त्यामुळे मार्गारेट रोज तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्या दिवशीही ती वाचत गेली, आणि ओळीच्या मध्यावर आल्यावर आपण काय वाचतो आहोत ते तिला कळलं.

"मी घरी पोचलो तेव्हा फाटकाशी पोस्टमन भेटला," व्हिटकमसाहेब म्हणाले. "त्याच्या अंगात माझा स्वेटर होता. आईने माझे कपडे चर्चच्या विक्रीला देऊन टाकले होते. त्याला स्वेटर मागायचा तरी कसा? त्याने तो पैसे देऊन घेतला होता."

आम्ही हसलो, तेही हसले. मग बाहीवरून हात फिरवत म्हणाले, "हा मार्गारेटने नंतर विणला. आई पुढे किती तरी वर्षं होती, पण मार्गारेटने तिला पुन्हा कधी वर्तमानपत्र वाचून दाखवलं नाही. आता ती नव्वदीला आली. एकटी राहते. इंटरनेट नाही. रोज सकाळी आठला वर्तमानपत्र दारात पडतं." ते पुढे म्हणाले, "दुसऱ्यांदा तिने तसं वाचू नये. तिला माणसाने सांगायला हवं. ज्याने पाहिलं आहे अशा. आणि दोघांनी."

ते काम आमचं आहे, हे न विचारताच ठरलं. पैज त्यानंतर लागली, मार्चमध्ये, आणि पैजेबरोबर तालीमही झाली. हो, तालीम. व्हिटकमसाहेब मार्गारेट झाले. मी चमचा कानाला लावला.

"कोण बोलतंय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मी गजभिये. बहारीनहून. तुमच्या भावाविषयी दुःखाची बातमी..."

"आधी बातमी, मग दुःख. पुन्हा करा."

"तुमचे भाऊ ह्यू आज वारले."

"कशावरून?"

"मी आणि माझ्या बायकोने पाहिलं."

"एकत्र?"

"हो."

"मग एकच साक्ष झाली!" ते आपल्या मूळ आवाजात गरजले. "नवरा-बायको एकत्र बघायला गेले की बायको बघते आणि नवरा तिचं ऐकतो. वेगवेगळं जायचं. एकाने बाहेर थांबायचं. आणि बाहेर आलेल्याने आत जाणाऱ्याशी बोलायचं नाही."

"हे मात्र खरं बोलले," सुनंदा म्हणाली.

जुलैत पुन्हा दुखून आलं आणि या वेळी इंजेक्शनने भागलं नाही. ऑपरेशन झालं, मग ताप. आम्ही रोज जायचो. ते नर्सला विचारायचे, डॉक्टर काय म्हणतात, आणि मग डॉक्टरला विचारायचे, नर्स काय म्हणते. दोघांचं जुळलं तरच मान हलवायचे. दारामागची बॅग त्यांनी मागवून घेतली होती, ती कॉटशेजारी होती. शेवटच्या संध्याकाळी निघताना सुनंदाने विचारलं, उद्या काय आणू? "पोहे कॉमा," ते म्हणाले, आणि लिंबाचं काही तरी पुढे बोलायला गेले, पण खोकला आला.

सकाळी सातला हॉस्पिटलचा फोन आला. निघताना मी देशपांड्यांना सांगितलं होतं, आम्ही पोचलो तेव्हा ते आमच्या आधी येऊन बाकावर बसले होते. नर्स म्हणाली, दोघं आत चला. मी म्हणालो, नाही, एक एक. ती गोंधळली. सुनंदा आधी गेली. बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग मी गेलो.

अंगात हिरवा स्वेटर होता. नर्सने चष्मा घडी घालून बाजूला ठेवला होता, तो मी उचलला आणि त्यांच्या कपाळावर नेहमीच्या जागी ठेवला. मग पुन्हा काढला, कारण तो निसटत होता. बॅगेचा पट्टा घट्ट बांधलेला होता. मी डोळ्यांनी पाहिलं, हात लावून पाहिलं, आणि बाहेर आलो.

देशपांडे मोबाइल हातात धरून उभे होते. डोळे लाल झाले होते. "टाकू का ग्रुपवर?"

ग्रुपवर पडलं की ते बाहेर जाणार. व्हिटकमसाहेबांच्या जुन्या सहकाऱ्यांपर्यंत पोचणार, आणि मग डेव्हनमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतून कुणी तरी फाटकाशी उभं राहून "ऐकलं ते खरं का?" असं विचारणार. मी काही बोलायच्या आत सुनंदाने हात पुढे केला. "द्या इकडे." देशपांड्यांनी निमूट मोबाइल दिला. तिने तो पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

उन्हाळ्यात इंग्लंड दोन तास मागे असतं. त्यांचे साडेसात होईपर्यंत आम्ही त्या बाकावर बसून राहिलो. आठला वर्तमानपत्र दारात पडायच्या आधी मी नंबर लावला.

"कोण बोलतंय?"

आवाज बारीक होता. व्हिटकमसाहेबांनी नक्कल अगदी बरोबर केली होती.

"मी गजभिये, बहारीनहून. तुमचे भाऊ ह्यू आज पहाटे वारले."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"आणखी कुणी?"

"माझ्या बायकोने. वेगळं जाऊन." मी फोन सुनंदाकडे दिला. तिला इंग्रजी बोलायचा संकोच, पण तिने दोन्ही हातांनी फोन धरला आणि म्हणाली, "मी पाहिलं, ताई." हे मराठीतच म्हणाली. पलीकडे कळलं असावं.

फोन माझ्याकडे आला. "म्हणजे दोन झाले," मार्गारेटबाई म्हणाल्या. "मग खरं असणार." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अंगात काय होतं?"

"हिरवा स्वेटर."

"तो त्याच्या अंगावरच राहू द्या. पोस्टमनला देऊ नका."

"आमच्याकडे पोस्टमन घरी येत नाही, बाईसाहेब," मी म्हणालो. "पत्रं पोस्टातल्या पेटीत येतात."

"उत्तम व्यवस्था आहे," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या तेव्हा रडायला लागल्या.

त्यानंतर सुनंदाने पर्स उघडली.

दुपारी लंडनच्या वर्तमानपत्रातून एका तरुणाचा फोन आला. मी त्याला सगळं सावकाश सांगितलं आणि परत म्हणायला लावलं. गाव मनामा, देश बहारीन, दुबई नव्हे. मागे बहीण, नाव मार्गारेट, हयात. अरबी येत नव्हती. पुन्हा सांगतो, येत नव्हती. तो हसला आणि म्हणाला, मग दुसरी कुठली भाषा? मी म्हणालो, थोडी मराठी, माझ्या बायकोने शिकवलेली.

लेख दोन दिवसांनी आला. मृणालने मोबाइलवर उघडून दिला आणि मी ओळ न ओळ हिशेब तपासतो तसा तपासला. मनामा बरोबर. बहारीन बरोबर. मार्गारेट बरोबर. जीप, भट्टी, सगळं बरोबर. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की ह्यू व्हिटकम अस्खलित मराठी बोलत.

मी सुनंदाला वाचून दाखवलं.

"मग? चूक काय झाली?" ती म्हणाली. "जेवढी येत होती तेवढी अस्खलितच बोलत होते."

"दोन शब्द, सुनंदा."

"अन् त्या दोन शब्दांत कधी अडखळले का? सांगा."

मी विचार केला. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, तिच्या बाजूने निकाल लागला तर माझा दिनारही वाचत होता. पण चूक ती चूक. मी खाली गेलो.

एक दिनार कुंजुमोनला दिला, श्री. ह्यू व्हिटकम यांनी जिंकलेल्या पैजेपोटी, आणि दहा करक सांगितले. हजर: सुनंदा, मृणाल, देशपांडे, वॉचमन, लाँड्रीवाला आणि ओळख नसलेले चौघे, ज्यांना का ते न कळता चहा मिळाला. माझा धरून बरोबर दहा. साक्षीदार दोनाहून जास्त असल्याने हे छापायला हरकत नाही.